गोष्ट पोखरणला संपत नाही

विदर्भात मे महिन्यात घरात झोप लागत नाही. कूलर गरमच हवा फेकतो, आणि लाइट गेली की तोही बंद. म्हणून ३० मे २०१६ च्या रात्री आम्ही सगळे देवळीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर गाद्या टाकून झोपलो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी नुकताच घरी आलो होतो. रात्री एकच्या पुढे केव्हातरी खालच्या पडवीचे पत्रे थरथरले आणि जाग आली. पुलगावच्या बाजूचं आभाळ नारिंगी झालं होतं. शेजारच्या गच्चीवरून काकांनी ओरडून विचारलं, “कायचा आवाज होय बे?” बाबा जरा थांबून म्हणाले, “डेपो होय वाट्टे.” मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आजीने तेवढे हात जोडले.

बाहेरच्यांना सांगायला हवं, म्हणून सांगतो. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो हा देशातला सगळ्यात मोठा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी उभारलेला, आणि आज सुमारे सात हजार एकरांवर पसरलेला. देशभरातल्या कारखान्यांत बनलेला दारूगोळा आधी इथे येतो, साठवला जातो आणि मग पुढे जातो. त्या रात्री एका शेडला आग लागली. १९ जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बाकीचे बहुतेक जण डेपोच्या अग्निशमन दलाचे आणि सुरक्षा दलाचे. आग विझवायला जे धावले, तेच गेले. आगरगावासारखी शेजारची गावं रात्रीतून रिकामी केली गेली. पुढे चर्चेत आलं ते असं, की साठवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांमधून स्फोटक पाझरत होतं. सुरुंग कुणी लावलेला नव्हता, शत्रू जवळपास नव्हता. माल नुसता पडून होता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक वेब सिरीज. आणि एक नोकरी. नोकरीचं शेवटी सांगतो.

सोनी लिव्हवरची ‘रॉकेट बॉइज’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दुसरा मार्च २०२३ मध्ये. होमी भाभांच्या भूमिकेत जिम सर्भ, विक्रम साराभाईंच्या भूमिकेत इश्वाक सिंग, दिग्दर्शन अभय पन्नूचं. दुसरा सीझन आम्ही पुण्यात, हिंजवडीतल्या फ्लॅटवर तिघा रूममेट्सनी मिळून एका रविवारी संपवला. शेवटी पोखरणचं वाळवंट हादरतं, १८ मे १९७४. माझ्या अंगावर काटा आला. हे मी लपवत नाही, कारण टीका करण्याआधी ते मान्य करणं भाग आहे. मालिका चांगली आहे. शास्त्रज्ञ माणसासारखे दिसतात, भांडतात, प्रेमात पडतात, पैशांसाठी सरकारी दारं ठोठावतात. आपल्याकडे विज्ञानावर इतकं रसरशीत काही क्वचितच बनतं. काही महिन्यांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दीडशे जण चांद्रयान-३ उतरताना पाहत होतो तेव्हाही तोच काटा आला. चारच दिवस आधी रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं होतं, आणि कुणीतरी मागून ओरडलं, “रशियाला हरवलं!”

तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. नंतर मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं. आपल्याला विज्ञानाची एकच गोष्ट सांगता येते का? शर्यतीची? कुणीतरी पुढे गेलंय, आपण मागे पडलोय, एक झपाटलेला माणूस येतो, मूर्ख बाबू आडवे येतात, शेवटी स्फोट किंवा उड्डाण, आणि तिरंगा. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक आलं तेव्हा माझ्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हीच पटकथा चालू झाली. “चीनने केलं, आपण काय करतोय?” पन्नास मेसेज. त्यात एकानेही हे विचारलं नाही की आपल्याला ते नेमकं कशासाठी हवंय आणि ते वापरणार कोण.

‘रॉकेट बॉइज’ ही या पटकथेची आपल्याकडची सगळ्यात देखणी आवृत्ती आहे, म्हणून तिच्याशीच भांडायला हवं.

जे पडद्यावर नाहीत

मालिकेत भाभांचा एक प्रतिस्पर्धी आहे, मेहदी रझा. कोलकात्याचा भौतिकशास्त्रज्ञ, सायक्लोट्रॉनचं स्वप्न पाहणारा, भाभांवर खार खाणारा. हे पात्र काल्पनिक आहे. त्याच्या जागी इतिहासात मेघनाद साहा होते, हे तेव्हाच अनेकांनी दाखवून दिलं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, जातीमुळे अपमान सोसलेला, ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं समीकरण जगाला देणारा. साहांचा भाभांशी वाद मत्सराचा नव्हता, किंवा नुसता मत्सराचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं होतं की अणुसंशोधन एका बंद दाराआडच्या संस्थेत कोंडू नका, विद्यापीठांत वाढू द्या. १९५२ मध्ये ते लोकसभेत निवडून गेले आणि तिथेही त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यावर घटनासमितीत चर्चा झाली तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनीही विचारलं होतं, की इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्याहून जास्त गुप्तता आपल्याला कशासाठी हवी. शर्यतीच्या गोष्टीत असे प्रश्न बसत नाहीत. तिथे विरोध करणारा एकतर जळका असतो नाहीतर संशयित. म्हणून साहा गाळले गेले आणि रझा आला.

दुसरा गाळलेला माणूस तर आपला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, गणिती, इतिहासकार. १९४६ पासून भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारा हा माणूस भाभांच्या छताखाली बसून अणुऊर्जेच्या विरोधात बोलत होता. शांतता चळवळीत होता. १९६० मध्ये पुण्यातल्या एका भाषणात त्यांनी मांडलं की भारताला परवडणारी आणि भरपूर मिळणारी ऊर्जा सूर्याची आहे. ती आयात करावी लागत नाही, आणि ती गावोगावी, विखरून वापरता येते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले, त्याच वर्षी जूनमध्ये कोसंबी.

विचार करा, पटकथेच्या दृष्टीने हे केवढं सोनं आहे. एकाच इमारतीत दोन बुद्धिमान, हट्टी माणसं, एक अणूच्या बाजूने आणि एक सूर्याच्या. पण नायकाच्या विरोधात उभा असलेला माणूस बरोबरही असू शकतो, अशी शक्यता दाखवायला ही मालिका धजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. अणुवीज तेव्हा आठ गिगावॅटच्या आसपास होती. सूर्य रात्री नसतो आणि अणुभट्टी रात्रीही चालते, त्यामुळे हे आकडे सरळ समोरासमोर ठेवता येत नाहीत, मान्य. तरी कोसंबींचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं एवढं त्यातून दिसतं. आणि ही पॅनल ज्या सेलपासून बनतात ते सेल आपण मोठ्या प्रमाणावर चीनकडून घेत आलोय. ज्या शर्यतीकडे एक माणूस साठ वर्षांपूर्वी बोट दाखवत होता, त्यात आपण उशिरा उतरलो. तेव्हा ती शर्यत वाटतच नव्हती, कारण तिच्यात काही फुटत नव्हतं.

कोसंबींचा आमच्या जिल्ह्याशी एक धागा आहे. त्यांचे वडील धर्मानंद, बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून गेले. पुलगाव आणि सेवाग्राम एकाच जिल्ह्यात आहेत. मध्ये चाळीसएक किलोमीटर. शाळेची सहल दरवर्षी सेवाग्रामला जायची. पुलगावच्या डेपोला सहल जात नाही.

एक लाखाची अट

आता मी तुम्हाला दुसऱ्या एका तंत्रज्ञानाच्या स्पर्धेबद्दल सांगतो. हिच्यावर कुणी सिरीज काढलेली नाही.

जुलै १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक जाहिरात दिली. चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये. परदेशी संशोधकांसाठी रक्कम पौंडांतही दिली होती, ७,७००. म्हणजे ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. यंत्र पाठवायची मुदत ३० ऑक्टोबर १९३०, चाचणी साबरमती आश्रमात. हे बक्षीस गांधींच्या संस्थेचं होतं. ‘गांधी यंत्राच्या विरोधात होते’ असं आपण शाळेत शिकलो, त्या गांधींच्या.

मी रोज ऑफिसात रिक्वायरमेंट वाचतो आणि त्या वाईट लिहिलेल्या असतात. त्या नजरेने मी या जाहिरातीच्या अटी वाचल्या. यंत्र हलकं हवं, एका जागेवरून दुसरीकडे नेता यायला हवं. खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यायला हवं. एका बाईला त्यावर सलग आठ तास फार थकवा न येता काम करता यायला हवं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघायला हवं. पेळू हाताने बनवलेले चालायला हवेत, नाहीतर पेळू बनवायचं यंत्र सोबत द्यायचं. भारतात बनवण्याचा खर्च १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालायला हवं, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. बक्षीस हवं असेल तर पेटंट संघाच्या नावे करायचं, म्हणजे पुढे कुणालाही ते बनवता येईल.

यातली प्रत्येक अट मोजता येते. वापरणारा कोण ते पहिल्यांदा ठरवलंय. तो माणूस थकतो हे धरलंय. वस्तू जुनी होणार, झिजणार, दुरुस्त करावी लागणार आणि तो खर्च कुणाच्यातरी खिशातून जाणार, हे सगळं पहिल्या दिवशी कागदावर आहे. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत इतकं प्रामाणिक स्पेसिफिकेशन मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे ‘मेंटेनन्स’ हा शब्द येतो तो रिलीजनंतर, आणि तोवर ती टीमच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली असते.

आता शेजारी दुसरा कागद ठेवा. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला. आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. त्यांनी सांगितलं की दहा किलोटनांचा एक स्फोट साधारण साडेसतरा लाख रुपयांत होतो आणि पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत उभा राहू शकतो. हे आकडे अमेरिकेत शांततामय अणुस्फोटांसाठी मांडलेल्या अंदाजांवरून घेतलेले होते. त्यात अणुभट्ट्या नव्हत्या, प्लुटोनियम वेगळं करणारे कारखाने नव्हते, बॉम्ब नेणारी विमानं किंवा क्षेपणास्त्रं नव्हती. साठवण नव्हती. राखण नव्हती. जुना झाल्यावर त्याचं काय करायचं, हे नव्हतं.

भाभांएवढ्या बुद्धिमान माणसाला हे कळत नसेल असं मी मानत नाही. पण शर्यतीत असताना अंदाज असाच काढला जातो. मॅनेजरला हो म्हणायला लावायचं असेल तेव्हा आम्हीही असाच काढतो. साडेसतरा लाख ही किंमत एका क्षणाची आहे. १५० रुपये आणि वर्षाला पाच टक्के ही किंमत वीस वर्षांची आहे.

पुलगाव त्या न मांडलेल्या रकान्यात येतं. तिथे जे साठतं तो साधा दारूगोळा, अणुबॉम्ब नव्हे. पण हिशेबाची सवय तीच. बनवण्याची बातमी होते, चाचणीची बातमी होते, संचलनात रणगाड्याबरोबर फोटो निघतो. मग तो माल वर्षानुवर्षं शेडमध्ये पडतो. मुदत संपली की नष्ट करावा लागतो. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच्या सोनेगावला असाच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले, आणि त्यांत आसपासच्या गावांतले ठेकेदाराकडचे मजूर होते. आमच्या जिल्ह्यातल्या गावांतून शेतीचं काम नसतं तेव्हा माणसं अशा कामावर जातात. खड्डे खणायचे, पेट्या उतरवायच्या, परत यायचं.

पट्टा तर आणखी मोठा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बायका होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ. विदर्भ ही देशाची दारूगोळ्याची कोठी आहे, आणि कोठीतली माणसं नायक म्हणून पडद्यावर येत नाहीत. ‘रॉकेट बॉइज’मध्ये सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचं थुंब्याचं ते प्रसिद्ध दृश्य पाहून आपण हळवे होतो. सायकल ढकलणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

पण दुसरी बाजू

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा वर्ध्याचा पोरगा, शेवटी चरख्यावरच येणार. तसं नाही. मला चरख्याच्या गोष्टीचाही हिशेब द्यायचा आहे, कारण तोही गोड नाही.

एक लाखाचं ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या काळे यांचं यंत्र अटींच्या बरंच जवळ गेलं, पण कसोटीला पूर्ण उतरलं नाही. लोखंडी नांगराचा कारखाना काढणाऱ्या त्या मराठी गावातून हा प्रयत्न झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण प्रयत्न फसला, हेही खरं. गांधी गेल्यानंतर एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला, सरकारने तो उचलून धरला, आणि तरीही गिरणीच्या आणि मागाहून यंत्रमागाच्या कापडापुढे सूतकताई पोट भरण्याएवढी कधी झाली नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका सूत कातायच्या. माझी आई कातत नाही. तिला वेळ नाही आणि त्यात पैसा नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. साबरमतीला चरख्याच्या तंत्राचं काम पाहणारे मगनलाल गांधी १९२८ मध्ये गेले, त्यांचं नाव. ३० डिसेंबर १९३८ ला गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. याच मगनवाडीत १९३४ पासून जे. सी. कुमारप्पांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालवलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले हिशेबतपासनीस. मला ते यासाठी आवडतात की त्यांना हिशेब कळत होता. त्यांचा मुद्दा असा, की मोठ्या केंद्रित कारखान्याला कच्चा माल लांबून लागतो आणि बाजारही लांबचा लागतो. ती वाट मोकळी ठेवायला सैन्य लागतं. मग त्या सैन्याचा खर्च कापडाच्या किमतीत का धरत नाही? तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात त्यांनी वाघ, माकड, पक्षी, मधमाशी आणि पिलांना भरवणारी पक्षीण अशा पायऱ्या लावून अर्थव्यवस्था मांडल्या. आज वाचताना त्यातला बराच भाग शाळेच्या मूल्यशिक्षणासारखा वाटतो. खर्च कुठे लपतो हे शोधणारा भाग मात्र अजून ताजा आहे.

१९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या पुढाकाराने काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. नेहरू अध्यक्ष. तिच्यामागचा मोठा रेटा मेघनाद साहांचा. कुमारप्पाही त्यात होते आणि काही महिन्यांतच बाहेर पडले. साहा ग्रामोद्योगाला प्रतिगामी म्हणत होते, कुमारप्पांना मोठे उद्योग हिंसेचं मूळ वाटत होते. दोघंही आपापल्या जागी हटून बसले. मला वाटतं आपलं खरं नुकसान तिथे झालं. साहांकडे विज्ञान होतं, कुमारप्पांकडे हिशेबाची ती पूर्ण वही. ते एकत्र बसले नाहीत. वही संग्रहालयात गेली आणि विज्ञान बंद दाराआड.

आणि सीमेवर शेजारी शस्त्रं घेऊन उभे असताना ‘शर्यत नको’ म्हणणं सोपं नाही, हेही मला दिसतं. १९६२ झालं होतं. जुलै १९४६ मध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं की अणुबॉम्बला उत्तर दुसऱ्या बॉम्बने देता येणार नाही. नैतिकदृष्ट्या मला ते पटतं. तवांगला उभ्या असलेल्या जवानाला ते मी समजावू शकणार नाही. पुलगावच्या आगीत जे गेले तेही देशाचं काम करत होते. डेपो नकोच, असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की शर्यतीत धावायचंच असेल तर पूर्ण किंमत लिहून धावा.

गंमत म्हणजे आपण ती शर्यतसुद्धा नीट धावत नाही. संशोधन आणि विकासावर आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचाच्या जवळ. घोषणा मोठ्या, प्रयोगशाळेत फेलोशिप चार-चार महिने थकलेली. माझी एक मैत्रीण पीएचडी करते, ती दर तिमाहीला घरून पैसे मागवते. ‘आपण मागे का?’ या प्रश्नाचं उत्तर झपाटलेल्या नायकाच्या अभावात शोधायचं, ही या पटकथेची आपल्याला लागलेली सवय आहे.

आणि पर्याय होता. तो मालिकेत आहेसुद्धा, म्हणून तिचं हे श्रेय. साराभाई. चंद्राच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची स्वप्नं आपण पाहत नाही, पण आपल्या माणसांचे खरे प्रश्न सोडवायला प्रगत तंत्र वापरण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. ते १९७१ मध्ये गेले. त्यांनी आखलेला ‘साइट’ प्रयोग ऑगस्ट १९७५ मध्ये सुरू झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला, शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. तिथे वापरणारा कोण हे आधी ठरलं होतं, चरख्याच्या जाहिरातीसारखंच. म्हणजे उपग्रह आणि चरखा या दोन टोकांना एकच प्रश्न विचारता येतो. मालिका मात्र साराभाईंच्या मृत्यूनंतर जवळपास अडीच वर्षांनी पोखरणला जाऊन संपते. ‘साइट’ त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला. शेवट कुठे करायचा हे लेखकाच्या हातात असतं, आणि तिथेच त्याचं म्हणणं कळतं. एका वर्षाने पुढे जाऊन एखाद्या खेड्यात टीव्हीसमोर जमलेल्या बायकापोरांवर ही गोष्ट संपवली असती, तर आम्ही तिघं त्या रविवारी वेगळ्याच विषयावर बोलत झोपलो असतो.

नोकरी

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, आमच्या फोनवर दिवसरात्र ड्रोनचे व्हिडिओ होते. जूनमध्ये मला एका स्टार्टअपचा फोन आला. लक्ष्यावर घिरट्या घालून त्याच्यावर आदळणारे ड्रोन ते बनवतात. काम मला येतं तेच, कॅमेऱ्यातून येणारं चित्र ओळखणारं सॉफ्टवेअर. पगार आत्ताच्या दीडपट. एचआरच्या बोलण्यात ‘देशासाठी’ तीन वेळा आलं, आणि ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या राउंडला शेवटी त्यांनी विचारलं, तुमचे काही प्रश्न? मी विचारलं, जो ड्रोन आदळून फुटला नाही, त्याचं पुढे काय होतं? आणि जे वापरलेच गेले नाहीत, त्यांची मुदत किती, ते कुठे साठवणार, नष्ट कोण करणार? समोरचा माणूस भला होता, माझ्याहून फार मोठा नसेल. थोडा विचार करून तो म्हणाला, “प्रश्न चांगला आहे. पण तो आपल्या स्कोपमध्ये येत नाही.”

मी बाबांना फोन केला. पगाराचा आकडा सांगितला. ते खूश झाले. मग काम काय ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, गच्चीवरच्या त्या रात्रीसारखी. मग म्हणाले, “पाह्य बाबा, तुह्याच्यानं होत असन तर कर. पण तो माल शेवटी इकडंच येते.”

ऑफर लेटर आलंय. उत्तराची तारीख या महिन्याच्या अखेरची. मी हो म्हणेन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. परवा मात्र मी त्यांना एक ईमेल पाठवली. त्यात १९२९ च्या त्या अटी मराठीतून इंग्रजीत करून नाही, नुसत्या आजच्या भाषेत लिहिल्या: वापरणारा कोण, साठवणारा कोण, किती वर्षं, दुरुस्तीचा आणि विल्हेवाटीचा वर्षाचा खर्च किती टक्के, तो कोण देणार. आणि खाली विचारलं, हा रकाना तुमच्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये घालता येईल का? तो लिहायचं काम मी करायला तयार आहे.

अजून उत्तर आलेलं नाही.